शो संपल्यावर गाडी काढू नका

खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडे येताना एक वळण लागतं, इंग्रजी एस अक्षरासारखं. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वर्षानुवर्षं वाचत आलोय. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरचा शो करून परत येताना, पहाटे सव्वातीनला, मी त्या वळणावर जागा झालो. म्हणजे तोवर मी झोपलो होतो. पुढच्या सीटवर बसून. गाडी आमचा ड्रमर चालवत होता आणि त्याला जागं ठेवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून चाकं धडधडली म्हणून माझे डोळे उघडले. त्याचे डोळे उघडेच होते, पण त्याला काही दिसत नव्हतं. मी ओरडलो, त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा कठडा हातभर लांब होता. मागे आमची गायिका, गिटार वाजवणारा आणि साऊंड बघणारा मित्र, तिघंही गाढ झोपेत.

शिरवळला गाडी बाजूला घेतली आणि उजाडेपर्यंत बसून राहिलो. कुणी काही बोललं नाही. चहासुद्धा कुणाला नको होता.

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. गेल्या महिन्यात आमचा दुसरा दौरा संपला, आता लिहितो. नव्यानं बँड काढलेल्या, पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर शो लावायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे आहे.

स्वतःच्या नावावर दौरा म्हणजे काय, ते आधी सांगतो. एखाद्या मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास वाजवलं तर गर्दी त्यांची असते, खर्चही बराचसा त्यांचा. पोस्टरवर तुमचंच नाव असलं की तिकिटं तुमच्या जिवावर खपायची, गाडी तुमची, जेवण तुमचं आणि तोटाही तुमचा. आमच्यातल्या चौघांना नोकऱ्या आहेत. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवार-रविवार दोन गावं करायची आणि सोमवारी दहाला ऑफिसात बसायचं. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर, पणजी, मुंबई, असे पाच वीकेंड.

बाहेरून लोकांना दीड तासाचा शो दिसतो. आमचा दिवस त्याच्या किती आधी सुरू होतो, ते बघा. सकाळी सातला गाडी भरायची. मोठे ड्रम शोच्या जागी मिळतात, पण झांजांसारखे सिंबल, छोटा स्नेअर ड्रम, पेडल आपलं आपण न्यायचं. माझा ॲम्प, दोन गिटारी, पेडलबोर्ड, केबलची पेटी, टी-शर्टांचे दोन खोके. पाच-सहा तास प्रवास. चारला सामान उतरवायचं, पाचला साऊंडचेक, म्हणजे शोआधीची आवाजाची तपासणी. तो सहाला सुरू होतो, कारण जागेवरचा मिक्सर आपण सांगितलेला नसतो किंवा मॉनिटरचा, म्हणजे आमचं आम्हाला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला, एक स्पीकर गेलेला असतो. साडेआठला शो. उघड्यावरची जागा असेल तर दहाला आवाज बंद, कारण 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर चालत नाही. मग लोक भेटायला येतात. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे. नाशिकला एक मुलगी आईला घेऊन आली होती आणि आईला आमच्या तिसऱ्या गाण्याचे शब्द पाठ होते. अशा वेळी थकवा कुठल्या कुठे जातो.

नेमका तिथेच धोका आहे. थकवा जात नाही, फक्त झाकला जातो. स्टेजवरून उतरल्यावर तास-दीड तास अंगात वीज खेळत असते. डोकं सांगतं, आत्ता तर कुठे दहा वाजलेत, अडीच-तीनला घरी, सकाळी आपल्या अंथरुणात. सामान बांधून होईतो साडेअकरा. सकाळपासून पोटात वडापावाशिवाय काही नाही, म्हणून हायवेवर दणकून जेवण होतं. आणि मग एकच्या सुमारास ती वीज उतरते, एकदम. माणूस सकाळी सहापासून जागा, कान वाजतायत, पोट जड, बाहेर काळोख, पुढे ट्रकचे लाल दिवे. पहाटे दोन ते सहा ही शरीराची हक्काची झोपेची वेळ. ताशी 80 च्या वेगात गाडी दर सेकंदाला 22 मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला की 66 मीटर गाडी कुणाच्याच हातात नसते.

मी बेस गिटार वाजवतो, त्यामुळे क्लिफ बर्टनचं नाव मला पंधराव्या वर्षापासून ठाऊक आहे. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा बेस वाजवणारा. 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये दौऱ्यावर असताना पहाटे त्यांची बस उलटली आणि तो गेला. वय 24. आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या नाटकवाल्यांच्या कित्येक पिढ्या या रस्त्यांवर राबल्या आहेत. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर 2012 मध्ये त्याच रस्त्यावर आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, अक्षयचा लहान मुलगाही गेला. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं असेल, मला त्यात शिरायचं नाही. पण आपल्याकडे कलावंताचं अर्धं आयुष्य गाडीत जातं आणि त्या गाडीची चर्चा कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नागपूरच्या शोच्या वेळी आम्ही हाच वाद घातला. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सगळे म्हणतात, आता काय, रात्री निघा, सकाळी पुण्यात. रस्ता सरळ, सपाट, सिमेंटचा, तासन् तास एकसारखा. अशा रस्त्यावर झोप लवकर येते, हे त्यावरून गेलेला कुणीही सांगेल. 1 जुलै 2023 ला मध्यरात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. आमचा परतीचा मार्ग तोच होता. आम्ही नागपूरलाच राहिलो आणि सोमवारची रजा टाकली. गिटारवाल्याची ती वर्षातली शेवटची रजा होती. त्याला ती दिवाळीत हवी होती, तरीही त्यानं दिली. हे मी विसरणार नाही.

आता पैशाचं बोलतो, कारण रात्री निघायचं खरं कारण पैसाच असतो. 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ, वर गेलं की 18 टक्के. म्हणून आमच्यासारख्यांची तिकिटं 399, 499 अशी दिसतात. त्या कोल्हापूरच्या शोला 399 चं तिकीट काढून 92 जण आले. झाले 36,708. त्यातून जागेचा वाटा, तिकिटाच्या ॲपचं कमिशन, गाडीभाडं, डिझेल, टोल, जेवण वजा केलं तर पाच जणांत मिळून आठ हजारही उरले नाहीत. स्टँडजवळच्या लॉजवर दोन खोल्या 3,200 ला मिळत होत्या. मी स्वतः फोन करून विचारलं होतं आणि मीच नको म्हटलं होतं. हिशेबाची वही माझ्याकडे असते. ते 3,200 वाचवले म्हणून त्या रात्री मी खूश होतो.

आता आमच्या वहीत पहिली ओळ लॉजची असते. गाडी, टोल, पोस्टर, सगळं तिच्याखाली. लॉज बसत नसेल तर ते गाव त्या दौऱ्यात नाही. यामुळे यंदा सोलापूर सुटलं, तिथल्या मित्रांची माफी मागतो.

भाड्याच्या गाडीसोबत ड्रायव्हर असला की प्रश्न मिटला, असं समजू नका. आपला साऊंडचेक चालू असताना तो पार्किंगमध्ये, उन्हात तापलेल्या गाडीत, डोक्यावर आपलाच ढणढणाट घेऊन पडलेला असतो. त्याला आपण झोप म्हणतो. नाशिकला आम्ही ड्रायव्हरदादांना दुपारीच खोली दिली आणि संध्याकाळी सातपर्यंत उठवलं नाही. ते म्हणाले, वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी अशी खोली दिली. हे ऐकून आम्हाला बरं वाटायला हवं होतं, पण मान खाली गेली.

शो ठेवणाऱ्यांनाही एक सांगायचंय. एका ठिकाणी आम्हाला राहायची सोय कबूल केली होती, आणि रात्री साडेदहाला सांगितलं की खोल्या दुसऱ्या पाहुण्यांना गेल्या. नाव घेत नाही. सामान गाडीत, बाहेर पाऊस, गावात लग्नसराई, एकही खोली रिकामी नाही. शेवटी एका ऐकणाऱ्यानंच आपल्या घरी नेलं. हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या, त्याच्या आजीनं मध्यरात्री पिठलं टाकलं. त्या घराचे उपकार आहेत. पण पाच जणांचा जीव अशा योगायोगावर ठेवू नका. राहायची सोय लेखी घ्या आणि पत्ता दुपारीच मागून घ्या.

आणि ऐकायला येणाऱ्यांनो, तिकीट शक्य तेवढं आधी काढा. ओळखीत पास मागू नका. आधी आलेल्या पैशातून आम्ही खोल्या घेतो. दारावर आलेले पैसे मोजून होईतो लॉजवाला झोपलेला असतो.

आमचा ड्रमर अजूनही गाडी चालवतो, फक्त दिवसा. कोल्हापूर डिसेंबरात पुन्हा आहे. दोन खोल्या घेतल्यात, शोची जागा अजून ठरायची आहे.