दाखल झालात? ब्रश घरीच ठेवा!

आत्याला पक्षाघात झाला आणि तिच्यासोबत वॉर्डात राहण्याचा योग आला. तिथे मिळालेलं ज्ञान एकट्याने गिळणं बरं नव्हे, म्हणून हे सल्ले.

बॅग भरताना ब्रश विसरा. चार्जर मात्र दोन घ्या.

कवळी रात्रभर तोंडातच राहू द्या. काढून ठेवली की हरवते.

पाणी आडवं झोपवूनच पाजा. पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर होते म्हणे, पण तो दांडा फिरवायला कोण वाकणार?

कुणी फारच मागे लागलं तर मावशींकडून तोंडात ओला बोळा फिरवून घ्या. दातांवरचा थर जागचा हलत नाही, पण चार्टवर 'तोंडाची स्वच्छता केली' अशी सुरेख नोंद होते.

आणि पेशंटला नाकातून नळी असेल, तोंडाने काही द्यायचं नसेल, तर मग प्रश्नच मिटला. 'खात नाहीत ना, मग दात कशाला घासायचे?' हे मला सिस्टरने ऐकवलं, आमच्या भावाने ऐकवलं, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या जावयानेही ऐकवलं. वा! चावणं बंद, म्हणून लाळ कमी. ऑक्सिजनने आणि औषधांनी तोंड कोरडंठाक. थर साचत जातो, आणि दाखल झाल्यापासून दोनेक दिवसांतच त्यात हॉस्पिटलचे चिवट जंतू मुक्कामाला येऊ लागतात. नळी पोटात जाते हो, लाळ काही त्या नळीतून जात नाही! ती झोपेत थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते, आणि पक्षाघातात कधी कधी साधा ठसकाही लागत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता नसतो. म्हणजे ज्याचं तोंड सर्वांत आधी घासायला हवं, नेमकं त्याचंच सोडून द्यायचं! मग ताप चढतो, छातीच्या एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग दिसतो, आणि सगळे म्हणतात, 'वय झालं होतं हो.' महागडं इंजेक्शन आणायला धावत सुटणारा हाच भाऊ ब्रश आणायला दोन जिने उतरला नव्हता.

जपानमधल्या 11 शुश्रूषागृहांत जेवणानंतर वृद्धांचे दात घासून दोन वर्षं पाहिलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले: ज्यांचे दात नेमाने घासले त्यांच्यातल्या 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांतल्या 19 टक्क्यांना. आपण अजून बोळाच फिरवतोय.

पुरे झाली थट्टा. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून किमान दोनदा. डोकं उंच, मान एका अंगाला. चूळ भरता येत नसेल तर फेस सक्शनने, म्हणजे तोंडातलं ओढून घेणाऱ्या यंत्राच्या नळीने, ओढायचा. पेशंट शुद्धीत नसेल तर घरच्यांनी स्वतः प्रयोग न करता सिस्टरकडून करून घ्यायचं. यात रॉकेट उडवायचंय का? सिस्टर, तुमच्या अंगावर अख्खा वॉर्ड असतो, कबूल. मग आम्हाला शिकवा ना! नातेवाईकहो, खुर्चीत बसून मोबाइल घासण्यापेक्षा उठा आणि दात घासा. आणि डॉक्टर, रोज राउंडला 'जीभ दाखवा' म्हणता, ती भेगाळलेली पांढरी जीभ तुम्हाला दिसत नाही? औषधांच्या कागदावर 'दात घासणे, दोन वेळा' एवढी ओळ लिहायला काय होतं? तुम्ही लिहिलं तरच इथे काही होतं, हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे.