प्रारब्धावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय, नमस्कार.

माझ्या लेखावर आपण लिहिलंत, ‘कर्मसिद्धांत म्हणजे दुःखात असलेल्यालाच गुन्हेगार ठरवायची सोय. ज्यांच्या घरात कधी दुखणं आलं नाही, त्यांना हे घरबसल्या लिहायला काय जातं?’ शिवाय श्लोकाचा क्रमांक, पूर्वजन्माची आठवण आणि जातिव्यवस्था हे मुद्दे.

श्लोकाचं आधी. ‘गहना कर्मणो गतिः’ हे गीतेत ४.१७ ला आहे, मी ४.१८ लिहिलं. चूक माझी. दुरुस्त केली आहे, आभार.

पण ते दुसरं वाक्य! माझ्या घरात दुखणं आलं नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं? माझे वडील ९ वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होते. उजवी मूठ इतकी आवळलेली असायची की आत घाम साचून कातडी पांढरी पडायची. आई रोज सकाळी एकेक बोट उलगडून ओल्या फडक्याने तळवा पुसायची, बेचक्या कोरड्या करायची. एकदा भेटायला आलेले एक नातेवाईक तिच्यादेखत म्हणाले, ‘मागच्या जन्मीचं देणं असणार, दुसरं काय!’ आईचे हात थांबले. ती काहीच बोलली नाही, पण फडकं कितीतरी वेळ तिच्या हातातच राहिलं. त्या वाक्याचा छडा लावायचा म्हणून मी या ग्रंथांकडे वळलो. तेव्हा घरबसल्या म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

आणि ग्रंथांत काय सापडलं? चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू आत्रेय शिष्य अग्निवेशाला सांगतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असतं, आणि बलवान पुरुषकार दुबळ्या दैवावर मात करतो. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सीवकसुत्तात बुद्ध वेदनेची ८ कारणं देतात: पित्त, कफ, वात, तिन्हींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वागणूक, बाहेरचा आघात, आणि कर्मविपाक, म्हणजे पूर्वकर्माचं फळ. म्हणजे आठांतलं एक! सगळंच पूर्वकर्माचं फळ मानणाऱ्यांना ते चुकीचं ठरवतात. संचित म्हणजे साठलेलं कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातलं भोगायला आलेलं; त्यांच्या जोडीला क्रियमाणही आहेच की. आत्ता, या हातांनी घडतंय ते. आई करत होती ते क्रियमाण, आणि त्या नातेवाइकांच्या तोंडून निघालं तेही क्रियमाणच. कर्माचा हिशेब ज्याने त्याने आपला मांडायचा असतो. दुसऱ्याच्या उशाशी बसून त्याची वही उघडायचा अधिकार मला एकाही दर्शनात सापडला नाही, आणि माझ्या लेखात तर तसं एक अक्षरही नाही. आपण तो शेवटपर्यंत वाचलात का, याचीच शंका येते.

पूर्वजन्म आठवत नाही, हा आक्षेप फार जुना आहे. त्यात नवीन काही नाही. जातिव्यवस्थेचा विषय वेगळा आणि मोठा, तो इथे ओढू नये.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण ‘घरबसल्या’ हा शब्द तेवढा मागे घ्या. माझी आई अजूनही माझं लिहिलेलं वाचते.