खुलासा: बंदी बोनसवर, पगारावर नाही

‘नदीत मैला सोडणाऱ्या पाणी कंपन्यांच्या साहेबांचे पगार ब्रिटनने रोखले, आता थेट तुरुंग’ हा फिरणारा मजकूर अर्धवट आहे. या बंदीमागचा २०२५ चा कायदा इंग्लंड-वेल्सपुरता आहे. पाणी कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था ‘ऑफवॉट’ रोखू शकते तो साहेबांचा कामगिरीवर आधारित बोनस. मूळ पगाराला हात लागत नाही. पळवाट तिथेच आहे, बोनस गेला की मूळ पगार वाढवता येतो. हे चिंताजनकच. जून २०२५ मध्ये थेम्स वॉटरसह सहा कंपन्यांना बंदी लागली, तीही १ एप्रिल २०२४ पासूनच्या वर्षासाठी. कारणं ठरलेली: गंभीर प्रदूषण, फौजदारी शिक्षा, घसरलेलं पतमानांकन, ग्राहकांबाबतची कसूर. आणि दोन वर्षांपर्यंतचा तुरुंगवास आहे तो पर्यावरण यंत्रणेच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल. नुसतं सांडपाणी सोडलं म्हणून नाही.