एल्फच घ्या, उचलायला आम्ही आहोत

शनिवारी संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तुम्ही पहिल्यांदा डंजन (म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळायला जाल, तेव्हा चहाचा कप हातात देता देता डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, विचारेल, "कोण होणार?" घुटमळू नका. "एल्फ" म्हणा; परीकथेतली ती टोकदार कानांची, रुबाबदार जात. सूर कसा लावायचा, तर घोडबंदर रोडच्या नव्या वस्तीचा विषय निघाल्यावर "आम्ही मूळचे गावातले हं" असं सांगताना जो लागतो, तसा.

नाव सात अक्षरांच्या खाली नको. मध्ये दोन तरी अपॉस्ट्रॉफी हव्यात. अडखळल्याशिवाय उच्चारता आलं, तर ते एल्फचं नावच नव्हे. तिसऱ्या शनिवारी सगळे तुम्हाला 'आलू' म्हणायला लागतील, त्याला इलाज नाही.

मग वय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पुस्तकाप्रमाणे एल्फ साधारण 100 व्या वर्षी सज्ञान होतो आणि 750 पर्यंत जगतो. (पोरगं मोठं व्हायला इतका वेळ लागतो हे आमच्या सोसायटीतल्या आईबापांना कुणी सांगायला नको.) तुम्ही 190 घ्या. म्हणजे 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा तुम्ही विशीच्या आतले. तेव्हापासून आजपर्यंत शिकून शिकून पोचलात लेव्हल 1 ला, म्हणजे पहिल्याच पायरीला. टेबलावरचा ड्वार्फ, म्हणजे मी, याबद्दल खवचट प्रश्न विचारीन. तुम्ही खिडकीबाहेर बघायचं आणि म्हणायचं, "आमच्याकडे घाई करत नाहीत."

पात्राचे आकडे भरताना डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, जितकी चढेल तितकी चढवा, वरून एल्फपणाचे 2 फुकट. कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, 8 वर ठेवा; मामलेदारची तिखट मिसळ राहू द्या, नुसता वास आला तरी घाम फुटेल इतकं. मार खाणं हे तुमचं कामच नाही. त्यासाठी आम्ही आहोत ना, बुटके, जाडे, ढाल घेतलेले.

एल्फ झोपत नाही. चार तास ध्यान लावतो, तेवढ्यात त्याची रात्र भागते. पुस्तकात हे मोठ्या कौतुकाने दिलंय. आता ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणारा कुठलाही माणूस हे गेली वीस वर्षं करतोय, तेही उभ्याने, आणि घाटकोपर गेलं की त्याचे डोळे आपोआप उघडतात. पण तुम्ही ते तोंडावर आणू नका. खरा धोका वेगळाच आहे. चार तासांत झोप उरकणाऱ्याने उरलेल्या रात्री पहारा द्यावा, असं कुणालाही वाटणार. शिवाय अंधारात 60 फूट दिसतं, कान-डोळे तिखट, म्हणजे सगळे तुमच्याकडेच बघणार. अशा वेळी पूर्वजांची एक कविता म्हणायला घ्या. दुसऱ्या कडव्याला ड्वार्फ स्वतःहून उठून दाराशी जाऊन बसतो. मी बसलोय.

ड्रो, म्हणजे जमिनीखालचा एल्फ, शक्यतो टाळा. भर उन्हात त्याला नीट दिसत नाही, नेम चुकतो. मे महिन्यात दुपारी 2 वाजता तीन हात नाक्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येकाचं तेच होतं. त्यासाठी खास वंश कशाला?

चिवड्याची बशी फिरत असताना घराण्याचा इतिहास सांगा, पण निवडून. 1974 च्या मूळ खेळात, गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांनी केलेल्या, एल्फला योद्धाही होता यायचं आणि जादूगारही, एवढंच सांगा. योद्धा म्हणून चौथ्या आणि जादूगार म्हणून आठव्या लेव्हलला गाडी थांबायची, हे गिळा. 1981 च्या बेसिक आवृत्तीमध्ये एल्फ हा नुसता वंश नव्हता, अख्खा पेशा होता, हे ठासून सांगा. दुसरी लेव्हल गाठायला फायटरला, म्हणजे साध्या योद्ध्याला, 2000 गुण पुरायचे आणि एल्फला 4000 लागायचे, हे कशाला? आणि 1978 च्या प्लेयर्स हँडबुकातलं मेलेल्याला उठवायचं कलम तर कुणाला दाखवूच नका. क्लेरिकचा, म्हणजे पुजाऱ्याचा, तो मंत्र माणसाला लागू, ड्वार्फला लागू, हाफलिंग नावाच्या चिमुकल्यांनाही लागू. एल्फला नाही. एल्फ गेला की गेला.

कॉम्प्युटरवर खेळत असाल तर 'डंजन क्रॉल स्टोन सूप'मध्ये जपून. तिथे एकेकाळी एल्फांची चाळच होती. ग्रे एल्फ, स्लज एल्फ, हाय एल्फ. एकेक करून सगळ्यांना बाहेर काढलं, पुनर्विकासात भाडेकरूंना काढतात तसं. राहिला डीप एल्फ. जादू फर्मास, आणि अंगात जीव इतका कमी की दोन फटक्यांत आडवा.

2024 च्या नव्या पुस्तकाचं काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा. त्यात 'रेस' शब्द काढून 'स्पीशीज' आलाय. डेक्स्टेरिटीचे ते फुकटचे 2 पण वंशाकडून काढून घेतलेत. आता वाढीव गुण मिळतात ते आधी काय कामधंदा करत होतात यावर. म्हणजे एल्फला विचारणार, "तू करायचास काय?" नौपाड्यात हे खपणार नाही. आम्ही अजून 2014 चंच वापरतो.

प्रत्यक्ष लढाईत कसं वागायचं, ते आमच्या टेबलावरच्या एल्फकडून, म्हणजे आलूकडून, शिका. मागच्या महिन्यात खेळातल्या तळघरात तीन घूल, म्हणजे प्रेतं खाणारी भुतं, निघाले. घूलची नखं लागली की अंग लुळं पडतं. सगळ्यांचं पडतं, फक्त एल्फचं नाही. या खेळात एल्फ असण्याचं सोनं व्हायची घडी ती हीच. पहिल्या फेरीत मी गेलो, दुसऱ्या फेरीत हाफलिंग आणि पॅलाडिन, म्हणजे आमचा धर्मयोद्धा. टेबलावर तीन प्याद्या आडव्या, आणि सबंध गुहेत उभा एकटा आलू. डीएमने पडद्यावरून मान वर काढली. हाफलिंगने वडा तोंडापाशीच धरून ठेवला. आलूने पट्टी काढली. नकाशावरचे चौकोन मोजले, दोनदा मोजले, आणि शांतपणे म्हणाला, "लाँगबोची रेंज 150 फूट आहे. जवळ राहून काय उपयोग?" आणि मागे सरकला. दारापर्यंत. मग नेम धरून फासा टाकला, तो कपाटाखाली गेला. मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही सगळे, लुळे पडलेलेसुद्धा, जमिनीवर पालथे झालो. 1 पडला होता.

"परत टाकू? कपाटाखालचा धरत नाहीत," आलू म्हणाला.

डीएमने धरला. धनुष्याची दोरी तुटली. आलू जिन्यावरून पळाला, आणि आम्ही तिघे जिथे होतो तिथेच संपलो. जिन्याच्या वरच्या टोकाला चौथा घूल होता, ते आलूला माहीत नव्हतं. लुळा नाही पडला तो. नुसता मेला.

पुढच्या शनिवारी मी नवा ड्वार्फ घेऊन गेलो. आलूने तोच जुना कागद काढला, वड्याच्या तेलाचा डाग पडलेला. नावातलं एक अक्षर रबराने खोडलं, दुसरं लिहिलं आणि फुंकर मारली.

"हा त्याचा धाकटा भाऊ," म्हणाला. "182 वर्षांचा."