याला सर्व्हिसिंग म्हणतात का?

डिसेंबरात नागपुरात अधिवेशनाला आलेल्या मंत्र्याची भेट एकवेळ मिळेल, पण गॅस गीझरचा मेकॅनिक मिळायचा नाही. ‘निघालोच काका’ करत करत शेवटी उगवतो तो गालात खर्रा भरून, हातात एक पेचकस अन् झिजका टूथब्रश घेऊन. कव्हर उघडायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, सेल काढायचे, हेही आपणच सांगायचं. मग दोन फुंका, बर्नरवरून ब्रशचा हात, नवे सेल, अन् ‘झालं काका, एकदम ओके. ५०० द्या.’

काय झालं रे बाप्पा? पाण्याच्या इनलेटची जाळी काढली का? इथं बोअरचं पाणी, जाळीवर क्षाराची पांढरी पुटं चढलेली असतात. डायफ्रॅमचं, म्हणजे पाण्याच्या दाबावर गॅस सुरू करणाऱ्या पडद्याचं, रबर पाहिलं? तांब्याच्या पात्यांमधली काजळी? ज्योत निळी आहे की पिवळी, एवढं तरी? विचारलं तर म्हणे, ‘तुम्ही काऊन टेन्शन घेता, पाणी गरम येऊन राहिलं ना!’

पाणी गरम येतंच हो, माणूस मरेपर्यंत येतं. ज्योत पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय किंवा बर्नर चोंदलाय. गॅस अर्धवट जळतो अन् कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये निदान मुद्दाम वास मिसळलेला असतो. याला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, अन् आतून कडी लावलेला माणूस कडी काढायच्या आधीच कोसळतो.

पण माझं डोकं खरं फिरलं ते पुढं. गॅसची नळी बदलून झाली (क्लॅम्प नव्हता म्हणून बाइंडिंगची तार पिळली, तो आणखी वेगळा राग). म्हटलं, आता गळती तपासून दे. तर पठ्ठ्यानं खिशातून लायटर काढला! पेटवला अन् जोडाच्या भोवती आरती ओवाळल्यासारखा फिरवायला लागला. ‘पेटलं तर लीक आहे समजायचं.’ अन् पेटल्यावर समजून घ्यायला उरेल कोण बे? एलपीजी हवेपेक्षा जड. तो खाली फरशीवर, तुझ्याच चपलांपाशी साचतो. मगात पाणी अन् चिमूटभर वॉशिंग पावडर, फेस जोडाला लावायचा, बुडबुडे आले की गळती. मी मग भरून आणला तर गडी हसला. वर मलाच म्हणतो, ‘काका, लई घाबरता.’

बरं, एकट्या त्यालाच का बोलायचं? आमच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमची खिडकी वहीच्या पानाएवढी, तीही डक्टमध्ये उघडणारी. त्यातही थंडी वाजते म्हणून लोकांनी काचपट्ट्यांवर थर्माकोल चिकटवलाय! आत गीझर, दार बंद, अंघोळ अर्धा तास. सांगायला जावं तर ‘इतक्या वर्षांत झालं का काही?’ नाहीतर ‘आमच्यात ऑटोकट आहे’. अहो, तो ठरलेल्या मिनिटांनी बंद होणारा टायमर आहे, त्याला विषाचा वास येत नाही. गीझर बाहेर गॅलरीत लावा, गरम पाणी पाइपानं आत न्या. टाइल्सवर लाखभर उधळणाऱ्यांना तेवढा पाइप मात्र महाग पडतो.

जाताना कार्ड हातात ठेवून गेला: गॅसचा वास आला तर मला फोन करा. वास आला तर मी रेग्युलेटर बंद करीन, दारं-खिडक्या उघडीन, लाइटच्या बटणालाही हात न लावता बाहेर पडीन अन् १९०६ ला, गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला, फोन करीन. तुला कशाला बोलावू, लायटर घेऊन यायला?