पोरं मोजायची कशी?

तुमच्या तालुक्यातली मुलं शाळा सुटल्यावर काय काय करतात, याचा अहवाल महिनाअखेर वर पाठवायचाय ना? घाबरू नका. हे काम मुलांना न भेटताही उत्तम होतं. भेटलात तर उलट बिघडतं.

सुरुवात हजेरीपटापासून करा. गोव्यातल्या डिचोलीतला एकच मुलगा एनसीसीत, फुटबॉलला, तबल्याला आणि अधूनमधून स्काउटला जात असेल, तर ती चार मुलं. चार पट, चार सह्या, बेरीज चार. नावं जुळवून पाहायचा मोह आवरा. पट रोडावला तर पातळभाजी-पाव ठेवा. त्या दिवशीचा युवासहभाग बघून तुमचे साहेबही पुढच्या कार्यक्रमाला येतील.

तासांचा हिशेब एनएसएसकडून, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेकडून उचला. १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तास मागते, दोन वर्षांत २४०. महिन्याला बरोबर दहा. खड्डा खणला तरी तो तास, खड्डा खणण्याचं महत्त्व सावलीत बसून ऐकलं तरी तो तास. खणणाऱ्याला घाम जास्त येतो, पण घामाचा रकाना कुणी ठेवलेला नाही.

अभ्यासक मंडळी जरा किचकट असतात. ती चार गोष्टी विचारतात: मूल किती प्रकारच्या उपक्रमांत आहे, आठवड्याला किती वेळ, किती वर्षं टिकलं आणि तिथे त्याचं मन कितपत आहे. पहिल्या तिन्हींना आकडे लागतात. चौथा प्रश्न छपाईच्या वेळी जागा पुरत नाही म्हणून गाळा.

गाळायचा का, तेही सांगतो. १९७० च्या दशकात शिकागोत मिहाय चिक्सेंटमिहाय, रीड लार्सन वगैरे संशोधकांनी माणसांच्या कमरेला पेजर अडकवले, पुढे तेच शाळकरी मुलांनाही दिले. दिवसातून केव्हाही तो वाजायचा. वाजला की त्या क्षणी काय करतोय, मन कुठे आहे, ते कागदावर लिहायचं. लार्सन यांनी २००० साली त्यातून मांडलं ते असं: वर्गात मुलांचं लक्ष असतं पण मन नसतं, मित्रांत मन असतं पण लक्ष नसतं, आणि स्वतःहून निवडलेल्या खेळ-कलांसारख्या उपक्रमांत दोन्ही एकदम असतात. आता हे तुमच्या तक्त्यात कुठे बसवणार? शिवाय आपल्याकडे आरतीला घुमट-शामेळ ही वाद्यं सुरू असताना पेजर ऐकू तरी कुणाला येणार!

त्यापेक्षा आपल्या देशाचं वेळ-वापर सर्वेक्षण बघा. २०१९ मध्ये सहा वर्षांवरच्या सगळ्यांचा दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या पहाटे ४ असा धरून त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडले. हीच पट्टी वास्कोच्या भजनी सप्ताहाला लावा. तिथे दामोदरापुढे अखंड २४ तास भजन चालतं. रात्री ३ ला टाळ घेऊन उभा राहिलेला मुलगा ५ ला घरी गेला, तर त्याची अर्धी भक्ती कालची आणि अर्धी आजची. वर्गवारीत धर्माचरण सातव्या गटात आणि संस्कृती-खेळ आठव्यात. म्हणजे तोच अभंग देवळात म्हटला तर सातवा आणि कला अकादमीच्या भजनस्पर्धेत म्हटला तर आठवा. तुम्ही आठवाच धरा, तिथे परीक्षक असतात.

एक निष्कर्ष आत्ताच लिहून ठेवा, आकडे मागाहून येतील. तबला शिकणाऱ्या मुलांना गणितात जास्त गुण दिसले, की तबल्याने गणित सुधारतं. जे घर तबल्याची फी भरतं तेच गणिताच्या शिकवणीचीही भरतं, असली कुजकी शंका काढणारे लोक प्रत्येक समितीत एक तरी असतात. त्यांना चहा पाजा.

आता मुख्य सावधगिरी: ‘संघटित’ या शब्दाची. ज्याला अध्यक्ष, बॅनर आणि समई आहे ते संघटित. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या दिवसांत पोरं रात्र-रात्र मांडावर, गावच्या खेळाच्या जागी असतात. ढोलाला कोण, ताशाला कोण, रोमटाच्या मिरवणुकीत पुढे कोण, हे कुणी कागदावर न लिहिता ठरतं आणि चुकत नाही. चवथीआधी गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीसाठी रानात जाऊन कुठलं फळ कुठे मिळतं ते धाकट्याला थोरला दाखवतो. जत्रेच्या नाटकाच्या तालमी तर दीड-दोन महिने चालतात. तिथे दहावीतला एक मुलगा फक्त पडदा ओढतो, पण सगळ्यांचे संवाद त्याला पाठ असतात. मुख्य नट अडखळला की विंगेतून पहिला आवाज त्याचा. यांतलं काही मोजू नका. सह्या नाहीत, फोटोवर ठिकाण-वेळेचा शिक्का नाही, प्रमाणपत्र तर नाहीच.

प्रश्नावली भरून घ्यायला रविवारची सकाळ बरी. मैदानावरची, तालमीतली पोरं आपोआप गळतात आणि घरी बसलेली शाळेत येतात. उत्तरं स्वच्छ मिळतात.

त्यातून पडदा ओढणारा चुकून आलाच, तर तो शेवटच्या ‘इतर’ रकान्यावर पेन टेकवून विचारेल, “सर, हांगा किते बरोवचें?” म्हणजे इथे काय लिहायचं? जागा अर्ध्या इंचाची आहे. रिकामी सोड म्हणावं. त्यालाही घाई असते, अकराला तालीम आहे.