भिशी, दूध आणि गल्ला : निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली आणि आज सकाळी इथं बेळगावच्या शहापुरात मामांच्या दुकानात जाऊन त्यांनाही वाचून दाखवली. मामांना का, ते पुढं येईलच.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी सांगतो. फोनवर आलेल्या पैशांवरून जीएसटीच्या नोटिसा निघाल्यावर कर्नाटकातल्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या, त्याबद्दल मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ही पाटी लावणारा दुकानदार आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, असा त्याचा सूर होता. त्यावर तुम्ही लिहिलंत : "तुम्ही पगारदार माणूस, पहिल्या तारखेला पैसे जमा. गल्ल्यावर बसा म्हणजे कळेल. सरकारनंच आधी फोनवर पैसे घ्यायला शिकवलं आणि आता त्याच फोनवरून गळा धरला. हावेरीच्या भाजीवाल्याचं काय झालं ते वाचलंत ना? पलीकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात कुणाला नोटीस नाही, इकडंच का? दुकानदार मराठी दिसतोय म्हणून. आणि जीएसटी कमी झाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी आमचं किराण्याचं बिल बघावं. एक रुपया कमी नाही."

आधी माझ्या चुका. त्या लेखात मी एका ठिकाणी 'करबुडवे' असा शब्द वापरला होता. तो मागं घेतो. लिहिताना जोरात वाटला, तुमची प्रतिक्रिया वाचून परत बघितला तर नुसता उद्धट वाटला. दुसरी चूक तुम्ही दाखवली नाहीत, पण होती. विक्री वर्षाला ४० लाखांच्या पुढं गेली की जीएसटीची नोंदणी लागते, ही मर्यादा मी सरसकट लिहून टाकली. ती माल विकणाऱ्यांची. खानावळ, चहाची टपरी, सलून यांच्यासाठी ती २० लाख आहे. म्हणजे टपरीवाला दिवसाला साडेपाच हजारांच्या पुढं गेला की गाठलाच. किराणावाल्याला तीच रेघ दिवसाला अकरा हजारांच्या आसपास येते. हे आकडे मी दिवसावर आणून सांगायला हवे होते. ४० लाख म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं बंगला उभा राहतो.

पगारदार आहे, हेही खरं. रविवार पेठेत एका व्यापाऱ्याकडं हिशेब लिहितो.

आता नोटिसांचं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं २०२१-२२ पासून चार वर्षांची फोनवरून आलेली रक्कम बघितली आणि ज्यांची मर्यादेबाहेर दिसली त्यांना कागद पाठवले. यावर केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी म्हणाले, नोटीस राज्यानं काढली, केंद्राचा संबंध नाही. राज्यातले सत्ताधारी काँग्रेसवाले म्हणाले, जीएसटी केंद्राचा. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, म्हणूनच ऐकायला वैताग येत होता. कायदा दोघांचा, कराचे पैसे दोघांकडं जातात, आणि शिव्या खायची वेळ आली की दोघांतला एकही घरात नसतो.

हावेरीच्या त्या भाजीवाल्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चार वर्षांत खात्यावर १ कोटी ६३ लाख आले म्हणून २९ लाखांची नोटीस. जरा गुणाकार करून बघा, १ कोटी ६३ लाखाचे १८ टक्के काढले की साधारण तेवढेच येतात. ताजी भाजी करमाफ. नुसतीच भाजी विकणाऱ्याला नोंदणीसुद्धा लागत नाही. पैसे किती आले हे कळलं होतं, ते कशाचे हे विचारायच्या आधी आकडा छापून मोकळे. दुकानदार भडकले, दुधाची विक्री थांबवली, २५ जुलैला बंद करायचं ठरलं. २३ तारखेला मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी बैठक घेतली, मागची वसुली करणार नाही, पण पुढं नोंदणी करा, असं सांगितलं आणि बंद मागं घेतला गेला. गंमत म्हणजे बंद मागं गेला, पाट्या मात्र कित्येक दुकानांत तशाच राहिल्या.

सरकारनंच शिकवलं, हेही बरोबर. नोव्हेंबर २०१६ नंतर रोख मिळेना म्हणून माणसं फोनकडं वळली. जानेवारी २०२० पासून तर यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेणंच बंद झालं. फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणणार? पण म्हणून सापळा म्हणावं, एवढं डोकं त्यांनी आधीपासून लावलं असेल यावर माझा विश्वास नाही.

मराठी म्हणून नोटीस, हे मात्र पटलं नाही, निपाणीकर. पहिली बोंब बेंगळुरात झाली. तिथल्या बेकऱ्यांवर आणि चहाच्या दुकानांवर पाट्या लागल्या त्या कन्नडमध्ये. त्यांना कुठल्या भाषेचे म्हणून पकडलं? वेंगुर्ला रोडनं महाराष्ट्रातल्या शिनोळीला गेलात तर तिथल्या दुकानदाराचीही मर्यादा ४० लाखच आहे. फरक इतकाच की यूपीआय कंपन्यांकडून आकडे मागवायची कल्पना इकडच्या खात्याला आधी सुचली.

आपल्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. एक नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिवशी, काळी फीत मीही लावतो. पाटीच्या साठ टक्के भागावर कन्नड हवं हा २०२४ चा कायदा आला तेव्हा मामांची पाटी पुन्हा रंगवून घ्यायला मीच गेलो होतो, आणि वडिलांच्या वेळचं मराठी नाव चाळीस टक्क्यांत बसवताना पेंटरनं अक्षरं कशी चेपली तेही उभं राहून बघितलंय. पण भांडायचं तर नेमक्या ठिकाणी भांडूया. ते ठिकाण म्हणजे कागदाची भाषा. जिथं एखाद्या भाषेची माणसं पंधरा टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं जुनं ठरलेलं धोरण आहे. प्रत्यक्षात कागद येतो कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. बाजारातलं कन्नड आपल्या सगळ्यांना येतं. 'एष्टु' म्हणून भाव विचारता येतो, हुज्जत घालता येते. पण सरकारी कागदावरचं कन्नड वाचायला मला शेजारच्या मास्तरांकडं जावं लागतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कधीकधी मास्तरही दोनदा वाचतात. उत्तर द्यायची मुदत त्यातच निम्मी जाते. या मागणीवर सही करायला मी केव्हाही येतो.

किराण्याच्या बिलाचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, फक्त कारण वेगळं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर उतरले, पण तुमची यादी काढा. तांदूळ, जोंधळा, डाळ सुटी घेत असाल तर त्यावर आधीही कर नव्हता. तेल, साखर, चहापूड पाच टक्क्यांत होती, पाचातच राहिली. म्हणजे बिलातला जड भाग जागचा हललाच नाही. उतरलं काय? अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डोक्याचं तेल हे अठरावरून पाचवर. तूप, लोणी, फरसाण बारावरून पाचवर. कपडे धुवायची पावडर अठरावरच. माझ्या घरी साबण-पेस्ट-शाम्पू मिळून महिन्याला सहाशेच्या घरात जातात. एकशेअठराची वस्तू एकशेपाचला, या हिशेबानं पासष्ट रुपये वाचायला पाहिजेत. बायकोनं मोजले, पन्नासच्या वर काही सापडले नाहीत. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाचालाच ठेवून आत वजन वाढवलं तर आपण कुठं ताजवा घेऊन बसतो! पेढे वाटण्याजोगं ज्यांच्या हाताला लागलं ते गाडी घेणारे आणि घर बांधणारे. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाक्या आणि सिमेंट अठ्ठावीसवरून अठरावर आलं. तुम्हाला आणि मला पन्नास रुपये.

बरं, मामा.

मामांचं दुकान शहापुरात, दहा बाय बाराचं. पहाटे साडेपाचला दुधाचे क्रेट उतरतात, मग ब्रेड, अंडी, बिस्किटं, साबण, आणि दिवाळीत एका कोपऱ्यात फटाके. नोटीस त्यांना आली नव्हती. पण पेपरात वाचून त्यांनी क्यूआरचा स्टिकर नखानं खरवडून काढला, अर्धा निघाला, अर्धा काचेवर तसाच राहिला. तीन दिवसांत दुधाचं गिऱ्हाईक कमी झालं. सकाळी सहाला फिरायला निघालेल्या माणसाच्या हाफपँटच्या खिशात फोन असतो, पाकीट नसतं. ते पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ लागले. माझा पहिला लेख यातूनच आला. तुम्ही म्हणालात, गल्ल्यावर बसून बघा. त्या रविवारी मी गल्ल्यावरच बसलो होतो, मांडीवर बँकेचा उतारा घेऊन.

एका वर्षात खात्यावर जमा ४७ लाख. मामांचा चेहरा पडला. हातात लाल पेन घेऊन मी एकेक ओळ विचारायला लागलो.

"दर पाच तारखेला हे पाच-पाच हजार, अकरा जणांचे?"

"भिशी रे. बारा जणांची आहे, पैसे माझ्याकडंच येतात."

वर्षाचे सहा लाख साठ हजार गेले. पुढं दोन हजार, तीन हजार अशा सुट्या रकमा, कधी रात्री नऊला.

"हे कोण एवढं दूध पितंय?"

"दूध नव्हे. समोरचा डॉक्टर. एटीएम बंद असलं की फोनवर टाकतो, माझ्याकडनं रोख नेतो. तो एकटा नव्हे, अख्खी गल्ली नेते."

असे तीन लाख निघाले. पुण्याला नोकरीला असलेला मामेभाऊ महिन्याला दहा हजार पाठवतो, तेही याच क्यूआरवर, कारण बापाचा नंबर त्याला तेवढा एकच पाठ. एक लाख वीस हजार. सगळं वजा करून खाली आलो तर ३६ लाख २० हजार. मामा खूश झाले. "बघ, आत आहे की नाही? उगीच भीती घालत होतास."

आणि इथं मला तोंड उघडावं लागलं. "मामा, गल्ल्यातली रोख कुठं धरलीय यात?"

मामा काही बोलले नाहीत. दोन पोरं आली, त्यांना त्यांनी गोळ्या दिल्या, चिल्लर घेतली, डब्यात टाकली. मग म्हणाले, "ती कोण बघतंय?"

निपाणीकर, आपल्या दोघांचं भांडण नेमकं इथं आहे असं मला वाटतं. तुम्ही म्हणता, फोनमुळं दुकानदार अडकला. मी म्हणतो, फोन नसतानाही मामा रेघेच्या पलीकडंच होते, फक्त कुणी मोजत नव्हतं. खरेदीच्या पावत्यांवरून अंदाज केला तर रोख विक्री पंधरा लाखांच्या आसपास आली. एकूण ५१. त्यात दूध, ब्रेड आणि अंडी २१ लाखांची. त्यावर कर नाही, पण मर्यादेत ही विक्री धरली जाते, कारण मामा नुसतं दूध विकत नाहीत. दुधावर सुटतात ती चिल्लर आणि हिशेबात दिसतात लाख. हा नियम मला जाचक वाटतो, आणि तुम्ही त्यावर बोट ठेवलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उरलेल्या तीस लाखांवर कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या दुकानदारांसाठीच्या सरसकट कराच्या योजनेत, एक टक्का. वर्षाला तीस हजार, रोजचे ऐंशी-ब्याऐंशी रुपये. गिऱ्हाइकाकडून हा कर वेगळा घेता येत नाही, तो मामांच्या नफ्यातूनच जाणार. एवढ्याशा दुकानाला ऐंशी रुपये म्हणजे काही गंमत नाही, हे मला दिसतं. पण तीन दिवसांत दुधाचं जे गिऱ्हाईक पुढच्या चौकात गेलं, त्याच्या मागोमाग त्याचं अंडं, ब्रेड आणि बिस्किटही गेलं. मामांनी कराचा आणि गेलेल्या गिऱ्हाइकाचा, दोन्ही आकडे फरशीवर खडूनं लिहिले, बराच वेळ बघत बसले आणि पायानं पुसले. दुसऱ्या आठवड्यात नोंदणीला हो म्हणाले. योजना घेतल्यावर तसं दुकानावर लिहून लावावं लागतं, हे ऐकून मात्र हसले. "अजून एक पाटी? त्यातलं साठ टक्के कन्नडात काय?"

आता दुकानाचं वेगळं चालू खातं आहे, त्याचा नवा स्टिकर जुन्या अर्धवट स्टिकरवरच चिकटवलाय. डॉक्टरला रोख द्यायचं बंद केलं, त्यावरून थोडी वादावादी झाली. तुमची प्रतिक्रिया वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "माणूस चुकीचं बोलत नाही, बेळगावात आले तर चहाला घेऊन ये." तेव्हा निमंत्रण पक्कं समजा. सकाळी नऊच्या आत नको, दुधाची गर्दी असते.

भिशीचे पैसे आता मामीच्या फोनवर येतात. कुणी भरले आणि कुणी चुकवले हे मामीला विचारल्याशिवाय मामांना कळत नाही, आणि मामी सांगत नाहीत. जीएसटीबद्दल ते हल्ली काही बोलत नाहीत, याबद्दल रोज बोलतात.